चामखिळीचं औषध: एक गेली, दुसरी चामखीळ नव्हतीच

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईत असलेल्यांनी इथूनच परत फिरावं. बोटासाठी ५ पैकी ४ स्टार, मानेसाठी शून्य, आणि खोक्यात जो घडी घातलेला मराठी कागद येतो त्याच्यासाठी उणे स्टार द्यायची सोय असती तर तीही वापरली असती. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण हाच फॉर्म्युला बऱ्याच कंपन्या विकतात आणि सगळे साधारण एकच आहेत. १७ टक्क्यांच्या आसपास सॅलिसिलिक अ‍ॅसिड, जवळपास तेवढंच लॅक्टिक अ‍ॅसिड, आणि हे सगळं कोलोडियन नावाच्या चिकट द्रवात. छोटी काचेची बाटली, झाकणाला ब्रश, थेट नेलपेंटसारखी. खोक्यावर इंग्रजीत वार्ट आणि कॉर्न लिहिलंय, मराठीत चामखीळ आणि कुरूप. माझं पुढचं सगळं रामायण त्या एका मराठी शब्दावरून घडलं म्हणून हा रिव्ह्यू अर्धा औषधाचा आणि अर्धा शब्दाचा आहे, ज्यांना नुसतं औषध हवंय त्यांनी मधले पॅरा गाळले तरी चालतील, पण मी गाळले नसते.

तर माझं काम प्रूफं वाचायचं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला, बरोब्बर जिथे पेन टेकतं तिथे, सात-आठ महिन्यांपूर्वी एक टणक दाणा आला. आधी वाटलं पेनाचा घट्टा असेल, मग तो फुलकोबीसारखा खडबडीत झाला आणि वरती तीन-चार काळे ठिपके दिसायला लागले, तेव्हा कळलं की ही चामखीळ. शिवाय मानेला, गळ्यातल्या साखळीच्या रेषेत, चार बारीक लोंबणारे दाणे बरीच वर्षं आहेत, मऊ, त्वचेच्याच रंगाचे, एक जरा काळपट. त्यांनाही आम्ही घरी चामखीळच म्हणतो. आईला होत्या, मावशीला आहेत, सगळ्या बायका त्यांना चामखीळच म्हणतात, दुसरा शब्द मी तरी ऐकला नाही. मग बाटलीवर चामखीळ लिहिलंय म्हटल्यावर मी काय करणार, एका दगडात पाच पक्षी. रात्री अकराला बोटाला लावलं, मानेलाही लावलं.

नवऱ्याने कूस बदलून विचारलं, "अगं, वास कसला येतोय? या वेळेला नेलपेंट लावतेयस का?"

"औषध आहे चामखिळीचं. झोप तू."

वास खरंच नेलपेंटचाच येतो, त्याचं कारण ते कोलोडियन. ईथर आणि अल्कोहोलमधे विरघळवलेलं नायट्रोसेल्युलोज, हवा लागली की द्रव उडून जातो आणि मागे पातळ पांढरट पापुद्रा राहतो, तो अ‍ॅसिडला जागेवर धरून ठेवतो. भुर्रकन पेट घेणारं प्रकरण आहे हे, त्यामुळे गॅसजवळ, निरांजनाजवळ, उदबत्तीजवळ बाटली उघडू नका. मराठी कागदावर ही सूचना नाही. इंग्रजी बाजूला आहे, ठळक अक्षरात.

मराठी कागदावर काय आहे ते ऐका. "प्रभावित क्षेत्रावर दिवसातून एकदा अर्ज करा." मी दोनदा वाचलं. अर्ज करा! कुणीतरी अप्लाय या शब्दाचं मशीनकडून मराठी करून घेतलंय आणि मग ते कुणीच वाचलं नाहीये, म्हणजे मी रीतसर अर्ज करायचा, माननीय चामखीळ यांस, विषय: जागा सोडणेबाबत. हसून झालं की लक्षात येतं की याच कागदावरच्या बाकीच्या ओळींवर आपण विश्वास ठेवून अंगाला अ‍ॅसिड लावणार आहोत.

मानेचं सांगते आधी, कारण ते लवकर संपलं. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्री चुरचुर, मी म्हटलं काम करतंय. तिसऱ्या दिवशी सकाळी साखळी घालताना अक्षरशः डोळ्यात पाणी आलं, आरशात बघितलं तर प्रत्येक दाण्याभोवती रुपयाएवढा लाल चट्टा, आणि दाणे आपले मधोमध तस्से, सुखरूप, लोंबतायत. म्हणजे जे जाळायचं ते सोडून आजूबाजूचं सगळं जाळलं. ब्रश एवढा जाड आहे की मोहरीएवढ्या दाण्यावर लावायला गेलं की औषध खाली ओघळणारच, हा एक भाग. पण मूळ चूक तिथे नव्हती. चट्टे गेले, त्यांच्या जागी तपकिरी डाग राहिले, ते पुसट व्हायला महिने लागले, अजून एक बारीकसा दिसतो.

मग त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. बाईंनी ते छोटं दिव्याचं भिंग मानेला टेकवून पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी लावायला सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही, बाटलीवर लिहिलंय की चामखिळीसाठी."

"पण ही चामखीळ नाहीये."

"मग काय आहे?"

"स्किन टॅग."

"स्किन टॅगला मराठीत काय म्हणतात?"

बाई थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "चामखीळच म्हणतात हो."

घ्या. म्हणजे मी चुकले नव्हते, बाटलीही खोटं बोलत नव्हती, डॉक्टरही बरोबर होत्या आणि तरी माझी मान भाजली होती. मी पेशाने शब्दांचीच माणूस असल्यामुळे मला झोप येईना. दोन्ही गोष्टी काय आहेत ते आधी बाईंनी सांगितलं तसं सांगते. बोटावरची खरी वार्ट, ती एचपीव्ही या व्हायरसमुळे येते, त्याचे २०० हून जास्त प्रकार आहेत आणि हातापायांवर वार्ट आणणारे वेगळे आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी संबंध असलेले वेगळे, त्यामुळे नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. हा व्हायरस त्वचेच्या वरच्या थरात शिरतो, तिथल्या पेशी भराभर वाढतात, वरती केराटिनचा, म्हणजे नखं ज्याची बनतात त्याच पदार्थाचा, टणक थर साचतो. ती पसरते, आपल्याच एका बोटावरून दुसऱ्यावर, किंवा दुसऱ्या माणसाला. स्किन टॅगचं असं काही नाही. ती मऊ त्वचेची घडीच असते, आत थोडे तंतू, थोड्या रक्तवाहिन्या, खाली बारीक देठ. मान, काख, जांघ, जिथे त्वचेला त्वचा किंवा कपडा घासतो तिथे येते, वजन वाढलं की, मधुमेह असला की, गरोदरपणात जास्त दिसते. संसर्ग नाही, पसरत नाही, कुणाकडून कुणाला जात नाही. आणि सॅलिसिलिक अ‍ॅसिड काय करतं, तर टणक साचलेल्या थरातला पेशींना धरून ठेवणारा चिकटपणा सोडवतं आणि थर थराने सोलतं. स्किन टॅगवर तो टणक थरच नाही, सोलणार काय, मग ते साधी त्वचा सोलत बसतं. माझी.

आता शब्द. चामखीळ म्हणजे चाम अधिक खीळ, हे ऐकताच कळतं पण मी कधी ऐकलंच नव्हतं. चामचा च चाकातला, चहातला नव्हे. संस्कृतात चर्म, प्राकृतात चम्म, मराठीत चाम. अगदी तोच रस्ता जो कर्म-कम्म-काम असा जातो, घर्म-घम्म-घाम असा जातो. त्याच चर्मातून चामडं आलं, चर्मकारातून चांभार आला. आणि खीळ म्हणजे संस्कृत कील, खुंटी, मेख, खिळा. विकासाला खीळ बसते ती हीच. संस्कृत कीलच्या शेवटच्या लचा ळ होणं हे मराठीत नेहमीचं आहे, फल-फळ, काल-काळ, पण सुरुवातीच्या कचा ख का झाला हे मला कधी सुचलंच नसतं. तर १२व्या शतकात हेमचंद्राने प्राकृताचं व्याकरण लिहिलं त्यात यासाठी वेगळं सूत्रच आहे, कुब्ज, कर्पर आणि कील या शब्दांत कचा ख होतो म्हणून. कुब्जचं खुज्ज झालं, आपला खुजा. कर्परचं खप्पर झालं, आपलं खापर. आणि कीलचं खील, आपली खीळ. खुजा, खापर आणि खीळ एका सूत्रात बसलेत हे कळल्यावर मी मानेची आग विसरून नवऱ्याला उठवून सांगायला गेले होते, तो उठला नाही.

म्हणजे चामखीळ हा शब्द मराठीने घरी बसून बनवलेला नाही, पूर्ण जोडशब्दच वरून आलाय, चर्मकील. सुश्रुतसंहितेत निदानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात तो सापडतो, आणि गंमत म्हणजे तो अध्याय आहे अर्शाचा, म्हणजे मूळव्याधीचा. तिथे म्हटलंय की व्यान वायू (आयुर्वेदातल्या पाच वायूंपैकी एक) बिघडला आणि त्याने कफाला बरोबर घेतलं की बाहेर, त्वचेवर, खिळ्यासारखे टणक कोंब येतात, त्यांना चर्मकील म्हणतात. म्हणजे त्या काळच्या डोक्यात मूळव्याधीचा कोंब आणि अंगावरचा कोंब हे एकाच घराण्यातले होते, एक आत, एक बाहेर. वेडेपणा वाटेल पण हिंदीत आजही मूळव्याधीच्या कोंबांना मस्से म्हणतात आणि चामखिळीलाही मस्साच म्हणतात, ते नातं तुटलेलं नाहीये.

मस हा शब्द मराठीतही आहे, काहीजण मोस म्हणतात. त्याचं मूळ मशक किंवा मषक, आणि सुश्रुताने क्षुद्ररोगांच्या अध्यायात त्याचं वर्णन केलंय ते फार नेमकं आहे: न दुखणारा, घट्ट, उडदासारखा काळा आणि वर आलेला. उडीद म्हणजे संस्कृत माष, त्यावरून मष. तिथेच शेजारी तिलकालक आहे, तिळाएवढा, काळा, न दुखणारा आणि त्वचेच्या पातळीतच राहणारा, तो म्हणजे आपला तीळ. आणि नंतर वाग्भट येतो, आयुर्वेदाचाच पुढचा ग्रंथकार, तो एका ओळीत सांगून टाकतो की मषापेक्षाही जास्त उंच ते चर्मकील, पांढरे किंवा काळे. आता हे तिन्ही एका रांगेत ठेवून बघा. सपाट तो तीळ, उचललेला तो मस, त्याहून उंच ती चामखीळ. ही सगळी उंचीची मोजमापं आहेत! बोट फिरवून बघायचं, किती वर लागतं त्यावर नाव ठरवायचं. कशाने आलं, आत काय आहे, पसरतं का, याच्याशी त्या नावाला काही घेणं नाही. आणि का असावं, भिंग नव्हतं, व्हायरस माहीत नव्हता. वार्ट गाळलेल्या अर्कातूनही दुसऱ्याला होते, म्हणजे कारण सूक्ष्म काहीतरी आहे, हे चुफो नावाच्या इटालियन डॉक्टरने १९०७ मधे दाखवलं. त्याआधी हजारो वर्षं सगळ्या जगाने यांना आकारावरूनच हाका मारल्यात.

लॅटिनमधे वार्टला व्हेरुका म्हणतात, तोच शब्द जमिनीवरच्या उंचवट्यालाही वापरलेला सापडतो. स्किन टॅगचं डॉक्टरी नाव आजही अ‍ॅक्रोकॉर्डॉन आहे, ते ग्रीक, अक्रोन म्हणजे टोक आणि खोर्डे म्हणजे तार, म्हणजे टोकाला लटकलेली तार, किती बरोबर आहे. आणि तळपायाच्या खोल वार्टला मर्मेशिया म्हणतात ते मुंगीवरून. सगळ्यात मजा खिळ्याची. लॅटिन क्लावस म्हणजे खिळा, आणि डॉक्टरी भाषेत क्लावस म्हणजे कुरूप, तळपायाचं. म्हणजे रोमन माणसाला पायात खिळा रुतल्यासारखं वाटलं म्हणून त्याने कुरपाला खिळा म्हटलं, आणि आपल्या माणसाने अंगावर ठोकलेला, डोकं वर राहिलेला खिळा बघितला म्हणून चामखिळीला खिळा म्हटलं. त्याने टोक बघितलं, आपण डोकं.

बरं हा खिळाच पुढे घात करतो. खिळा म्हटला की तो आत गेलेला असणार, मुळाशी उपटला पाहिजे, असंच डोक्यात येतं. बोटावरचे ते काळे ठिपके दिसले की लोक म्हणतात हे बघ मूळ, आणि ब्लेड घेऊन खणायला बसतात. मीही पाचव्या आठवड्यात हेच केलं, पुढे सांगते. ते मूळबीळ काही नसतं. त्या बारीक केशवाहिन्या असतात, त्यांच्यात रक्त गोठलेलं असतं म्हणून काळ्या दिसतात. वार्ट त्वचेच्या वरच्या थरातच बसलेली असते, खाली मांसात गेलेला दांडा वगैरे नसतो. खणलं तर रक्त येतं, व्हायरस आजूबाजूला पसरायला वाट मिळते, आणि एकीच्या तीन होतात.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं एवढं काय त्यात, घोड्याच्या शेपटीचा केस बांध. माझी तशीच पडली होती."

"आई, घोडा कुठून आणू मी आता?"

"मग रेशमाचा दोरा बांध. घट्ट बांधायचा. चार दिवसांत काळी पडते आणि गळते."

"बोटावरच्या चामखिळीला पण बांधलेला का तू?"

"बोटावरच्याला कसा बांधणार, तिला बांधायला धरायला काही असतं का? ती वेगळी."

ऐकलंत? ती वेगळी. आईला फरक माहीत होता. शब्द एकच, पण जिला देठ आहे तिला दोरा आणि जी चपटी टणक बसलीये तिला दुसरं काहीतरी, हे जुन्या बायकांच्या हाताला माहीत होतं, ते खोक्यावर चामखीळ छापणाऱ्याला माहीत नाही. आणि तो केस काम का करतो तेही सरळ आहे, देठ आवळला की रक्त जायचं बंद, वरचा भाग मरतो. वार्टला देठच नसतो. (बांधा असं मी सांगत नाहीये, मधेच लाल होऊन पिकलं तर निस्तरायला डॉक्टरच लागतात, बाईंनी स्पष्ट नको म्हटलं.)

माझ्या मानेचे चारही दाणे बाईंनी कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या बारीक टोकाने जाळून काढले, आधी बधिर करायचं क्रीम लावून तासभर बसवलं, मग दहा मिनिटांत काम झालं, जळका वास आला, बस. सुश्रुताने मषक आणि तिलकालक खरवडून क्षाराने किंवा अग्नीने हळूहळू जाळायला सांगितलंय, ते मला टेबलावर पडल्या पडल्या आठवलं आणि हसू आलं तर बाई म्हणाल्या हलू नका.

आता औषधाच्या चांगल्या बाजूला येते, कारण ४ स्टार उगाच दिले नाहीत. बोटाची वार्ट गेली. पूर्ण गेली. पण ११ आठवडे लागले आणि त्यातले शेवटचे तीन आठवडे मी निव्वळ हट्टाने काढले. इंग्रजी बाजूला १२ आठवड्यांपर्यंत लावा असं लिहिलंय ते खरं आहे, खोक्यावरचं "झटपट" खोटं आहे. पद्धत अशी बसवली. रात्री कोमट पाण्यात बोट पाच मिनिटं बुडवायचं, पांढरं आणि फुगीर झालं की नखं घासायच्या कानशीने वरचा मेलेला थर अलगद घासायचा, ती कानशी फक्त त्याच कामाला, नखांना परत लावायची नाही आणि घरात दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. पुसून कोरडं करायचं. आजूबाजूच्या चांगल्या त्वचेला व्हॅसलिनचं गोल कुंपण घालायचं. आणि मग औषध, पण त्यांच्या ब्रशने नाही. त्यांचा ब्रश भिंतीला रंग द्यायला चांगला आहे. मी टूथपिकच्या टोकाने एक थेंब घ्यायचे, दाण्याच्या मधोमध टेकवायचे, तो आपोआप पसरतो, वाळला की पांढरा पापुद्रा. वर पट्टी लावली तर जास्त चांगलं भिनतं असं बाई म्हणाल्या, मी रात्रीपुरती लावायचे, दिवसा पेनाखाली ती सुटायची.

दुसऱ्या आठवड्यात वरचा खडबडीत भाग निघाला आणि काळे ठिपके आणखी ठळक दिसायला लागले, मला वाटलं वाढली, पण तसं नसतं, झाकण निघालं म्हणून आतलं दिसतं. चौथ्या आठवड्यात काहीच फरक नाही, कंटाळा. पाचव्यात मी अतिशहाणपणा केला, कानशी जोरात चालवली, मूळ काढू म्हणून चिमटा घातला, रक्त आलं, दोन दिवस पेन धरवेना, प्रूफात तांबडी शाई कुठली आणि मी कुठली कळेना. चार दिवस सगळं बंद ठेवलं. मग परत पहिल्यापासून, गुमान. आठव्या आठवड्यापासून दाणा आजूबाजूच्या पातळीला आला आणि इथे लोक थांबतात, माझी मैत्रीण थांबली होती, तिची दोन महिन्यांत परत आली. संपली की नाही हे ओळखायची खूण बाईंनी सांगितली ती सोन्यासारखी आहे: बोटावरच्या रेषा बघायच्या. वार्ट असते तिथे त्वचेच्या रेषा तुटतात, तिला वळसा घालून जातात, ओढ्याच्या पाण्यात धोंडा असावा तशा. रेषा परत सरळ त्या जागेतून जायला लागल्या की गेली. माझ्या बोटावर १०व्या आठवड्यात दोन रेषा आरपार आल्या, तिसरी अर्धी, मी रोज टेबललॅम्पखाली भिंगातून बघायचे, तेच भिंग जे मी अनुस्वार शोधायला वापरते. ११व्यात तिसरी जुळली.

औषध नसतं तर गेली नसती का? कदाचित गेली असती. मुलांच्या बऱ्याचशा वार्ट दोनेक वर्षांत आपल्या आपण जातात, शरीर व्हायरसला ओळखतं आणि निपटतं, मोठ्यांना वेळ जास्त लागतो. म्हणूनच हिच्यावर दुनियाभरचे मंत्रतंत्र आणि उतारे चालतात, कशानेही गेली की श्रेय त्याला. मला दोन वर्षं पेन तिरकं धरायचं नव्हतं एवढंच. बाईंनी लिक्विड नायट्रोजनने गोठवायचा पर्यायही सांगितला होता, ते उणे १९६ डिग्रीचं असतं, फोड येतो, बरेचदा दोन-तीन वेळा जावं लागतं, आणि माझ्यासारख्या सावळ्या त्वचेवर डाग राहायची शक्यता जास्त. मानेने तो धडा दिलेलाच होता, म्हणून बोटाला बाटलीच बरी म्हटलं.

तक्रारींमधे अजून दोन. एक, झाकण. प्रत्येक वापरानंतर बाटलीचं तोंड पुसलं नाही तर कोलोडियन वाळून झाकण असं बसतं की पकड लागते, आणि झाकण नीट लागलं नाही तर आतला द्रव उडून औषध गुळाच्या पाकासारखं घट्ट होतं. माझी बाटली सातव्या आठवड्यात इतकी घट्ट झाली की दुसरी आणावी लागली, पहिली अर्धी शिल्लक असताना.

दुसरी तक्रार गंभीर आहे. कुणी लावू नये ते मराठी कागदावर नाहीच. इंग्रजीत आहे: मधुमेह असेल, पायांना रक्तपुरवठा कमी असेल किंवा बधिरपणा असेल तर नको, चेहऱ्यावर नको, गुप्तांगावर नको, तिळावर नको, जन्मखुणेवर नको. आता जो माणूस मराठीच बाजू वाचणार आहे त्याच्यासाठी चामखीळ, मस, मोस, तीळ या शब्दांच्या हद्दी किती पुसट आहेत ते आत्ताच बघितलं आपण. उंच झालेला तीळ त्याच्यासाठी चामखीळच असणार, वाग्भटाच्या हिशेबाने बरोबरच आहे त्याचं. आणि काळा, कडा वेड्यावाकड्या, रंग किंवा आकार बदलणारा, रक्त येणारा डाग असेल तर त्यावर हे लावून वरून सोलत बसणं म्हणजे कॅन्सर असला तर तो दिसेनासा करून ठेवणं. स्किन टॅग आणि तीळ घरी काढायला म्हणून जी औषधं मिळतात त्यातलं एकही आम्ही मंजूर केलेलं नाही असं अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्याने, सरळ म्हटलंय, २०२२ मधे तसं विकणाऱ्यांना नोटिसाही पाठवल्यात. वार्टसाठी सॅलिसिलिक अ‍ॅसिडला मात्र त्यांचीही हरकत नाही. म्हणजे तिकडेही गोंधळ हाच, फरक इतकाच की त्यांच्याकडे दोन गोष्टींना दोन शब्द आहेत.

आपल्याकडेही करता येईल की. खोक्यावर फक्त एवढं लिहा: टणक, खडबडीत चामखिळीसाठी, लोंबणाऱ्या मऊ चामखिळीसाठी नाही. नवा शब्द घडवायला नको, संस्कृताची जड पाटी नको, आईने फोनवर जे सांगितलं तेवढंच छापा. मी कंपनीच्या ग्राहक सेवेला हे लिहून पाठवलं, प्रूफं वाचायची सवय म्हणून कागदाची मराठी बाजूही सगळी तपासून, दुरुस्त करून, फोटो काढून पाठवली. अर्ज करा खोडून लावा केलं. उत्तर आलं की आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आपली विनंती प्रभावित विभागाकडे पाठवण्यात आली आहे.

पहिली बाटली अजून बाथरूमच्या कपाटात आहे, झाकण उघडत नाही. दुसरी मैत्रिणीने नेली, तिची परत आलीये, तिला म्हटलं, आधी बोट दाखव.